जुलैचा पाऊस कंबरेपर्यंत: आकडे हातात घेण्याची सविस्तर कृती

पणजीत जुलै महिन्यात सरासरी ९९५ मिलिमीटर पाऊस पडतो. हे वाचून कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. मोबाइलवर त्याचा निळा स्तंभ काढून दाखवला तरी बोट त्यावरून सरकतं आणि पुढच्या गोष्टीकडे जातं. पण मोजून ९९५ मिलिमीटर लांबीची बांबूची काठी कापली आणि जमिनीवर उभी केली, तर ती मोठ्या माणसाच्या कंबरेला लागते, पहिलीतल्या मुलाच्या हनुवटीपाशी येते. बाराही महिन्यांच्या काठ्या एकावर एक धरल्या तर २९२६ मिलिमीटर होतात, म्हणजे साधारण ९ फूट ७ इंच. एवढी काठी ७ फुटी दारातून उभी आत येत नाही, आडवी करावी लागते.

आकडेवारी अशी हातात घेता येणाऱ्या वस्तूंतून कशी मांडायची, याची ही कृती आहे. शाळेचं प्रदर्शन, गावचं वाचनालय, पंचायतीचं सभागृह, चतुर्थीचा देखावा, कुठेही चालेल. वीज लागत नाही, संगणक लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तोही कापाकापीत कमी, विचारात जास्त.

या प्रकाराला विद्यापीठांत अलीकडे स्वतंत्र विषय म्हणून जागा मिळाली. यव्हॉन यान्सेन, पिएर ड्रॅगिसेव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शोधनिबंध लिहून त्याची व्याख्या केली: ज्या वस्तूच्या आकारात किंवा द्रव्याच्या गुणांत माहिती भरलेली असते ती वस्तू. पण माणसं हे फार आधीपासून करत आली आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांचा हिशेब दोऱ्यांच्या गाठींत असे; एकं, दहं, शतं यांच्या जागा ठरलेल्या, आणि शून्य म्हणजे त्या जागी गाठच नाही. मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी काड्या बांधून समुद्राच्या लाटांची वळणं दाखवत आणि बेटांच्या जागी शिंपले लावत. १८७४ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं पाण्यासारख्या एका पदार्थाच्या उष्णतेचे गुणधर्म दाखवणारा पृष्ठभाग मातीत घडवला आणि त्याचा प्लास्टरचा साचा अमेरिकेत विलार्ड गिब्जला पाठवला. १९९५ मध्ये नताली जेरेमिजेंको या कलावतीनं झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात छताला ८ फुटांची प्लास्टिकची दोरी टांगली. संगणकांच्या जाळ्यात वर्दळ वाढली की मोटार ती दोरी गरगर फिरवी, वर्दळ नसली की दोरी नुसती थरथरे. कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला न विचारता कळायचं.

आधी ठरवा: हातानं काय करायचं?

बहुतेक लोक साहित्यापासून सुरुवात करतात. करवंट्या पडल्या आहेत, शिंपले गोळा केलेत, त्यांचं काहीतरी करू. असं केलेलं काम दिसतं छान, पण सांगत काही नाही. सुरुवात प्रश्नापासून करा, आणि प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. ‘गोव्याचा पाऊस’ हा प्रश्न नाही. ‘वर्षाचा पाऊस महिन्यांत कसा वाटला जातो?’ हा प्रश्न आहे.

मग दुसरी गोष्ट: पाहणाऱ्याचा हात काय करणार? उंची ताडून पाहणार, उचलून तोलणार, मोजणार की जागेवरून हलवणार? यातली एकच क्रिया मुख्य ठेवा. चार गोष्टी एकाच वस्तूत भरल्या की पाहणारा फक्त ‘वा, मेहनत केलीय’ म्हणतो आणि पुढे जातो.

हात काय करणार ते ठरलं की आकडा वस्तूच्या कुठल्या गुणात भरायचा तेही ठरतं. इथे थोडं मानसशास्त्र कामाला येतं. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये मांडलं की लांबी आपल्याला जवळपास जशी आहे तशीच जाणवते. दुप्पट लांब काठी दुप्पटच वाटते. क्षेत्रफळाचं तसं नाही; दुप्पट क्षेत्रफळाचं वर्तुळ दीडपटीहून थोडंच जास्त भासतं. उचललेल्या वजनाचं उलट होतं: दुप्पट वजन पावणेतीनपटीच्या आसपास जड वाटू शकतं. म्हणून नेमकी तुलना हवी तिथे लांबी घ्या, सगळ्या लांब्या एकाच रेषेपासून सुरू करा. धक्का द्यायचा असेल तिथे वजन घ्या.

गोळे मात्र टाळा. प्रदर्शनांत मातीचे किंवा थर्मोकोलचे लहानमोठे गोळे हमखास दिसतात. २०११ च्या जनगणनेत सासष्टी तालुक्यात काणकोणच्या साडेसहापट माणसं होती. गोळ्याचा व्यास साडेसहापट घेतला तर सासष्टीचा गोळा काणकोणच्या पावणेतीनशेपट मातीचा होतो. आणि माती बरोबर साडेसहापट घेतली तर व्यास दुपटीलाही पोचत नाही, दोन्ही गोळे शेजारी ठेवल्यावर फरक फारसा जाणवत नाही. दोन्हीकडून फसवणूकच.

पाऊस बांबूत

पाऊस निवडण्याचं कारण सोपं आहे. तो मुळातच लांबीत मोजतात. लोकसंख्या, पगार, मतं यांना वस्तूत आणायचं तर ‘एक सेंटिमीटर म्हणजे अमुक’ अशी मोजपट्टी ठरवावी लागते. पावसाला ती लागत नाही. ९९५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीवरचं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर जितकं उंच साठेल तितकं. काठी खऱ्या मापाचीच कापायची. पहिल्यांदा करणाऱ्यांनी याहून दुसरा विषय घेऊ नये, असं माझं मत आहे.

पणजीची दीर्घकालीन मासिक सरासरी मिलिमीटरमध्ये अशी, जवळच्या पूर्णांकात:

जून ८६८
जुलै ९९५
ऑगस्ट ५१३
सप्टेंबर २५२
ऑक्टोबर १२५
नोव्हेंबर ३१
डिसेंबर १७
जानेवारी ०.२
फेब्रुवारी ०.१
मार्च १
एप्रिल १२
मे ११३

ही जुन्या काळातली सरासरी आहे. हवामान खातं ठरावीक काळानं नवी सरासरी काढतं. नवी मिळाली तर तीच वापरा, फक्त कुठल्या वर्षांची आहे ते पाटीवर लिहा. आणि सत्तरी किंवा सांगे या घाटालगतच्या तालुक्यांत राहत असाल तर पणजीचे आकडे घेऊ नका. घाटाच्या पायथ्याशी किनाऱ्यापेक्षा बराच जास्त पाऊस पडतो, आणि सत्तरीतल्या वाळपईच्या माणसासमोर पणजीची काठी ठेवली की तो लगेच म्हणणार, ‘आमच्याकडे याहून जास्त असतो.’ त्याचं बरोबरच असेल.

यादी जूनपासून का सुरू केली? जानेवारीपासून लावली तर मध्येच एक उंचवटा दिसतो, बस. जूनपासून लावली की पहिल्या चार काठ्यांतच वर्ष संपतं. जून ते सप्टेंबरची बेरीज २६२८ होते, म्हणजे वर्षाच्या पावसाचे शंभरातले नव्वद भाग. मग रांग उतरत जमिनीला टेकते, पाच-सहा महिने काहीच नसल्यासारखी राहते आणि शेवटी मे महिन्याचा जेमतेम अर्ध्या वितीचा वळीव उभा राहतो. विहिरी एप्रिलमध्ये का आटतात हे त्या रांगेकडे पाहून मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

बांबू निवडताना पोकळ, जाड बांबूच्या मागे लागू नका. कोकण-गोव्यातला भरीव, सरळ बांबू, ज्याला आपल्याकडे माणगा किंवा मेस म्हणतात, तो उत्तम. जाडी सगळ्या काठ्यांची सारखी हवी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जून जाड आणि जुलै बारीक झाला तर डोळ्याला जून मोठा वाटतो. बांबू बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक असतो, म्हणून दोन-तीन बांबूंचे फक्त मधले भाग घ्या.

तोड पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात झालेली असावी. पावसाळ्यात कोंब फुटतात तेव्हाचा बांबू ओला असतो आणि त्याला कीड लवकर लागते. बांबूतलं पिष्ट हे किडीचं खाणं. ते कमी करायला जुनी माणसं तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. ते जमणार नसेल तर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात, साधारण पाच टक्क्यांच्या, आठवडाभर बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर तडकतो. काठी मुलांच्या हातात जाणार असेल तर बोरॅक्सपेक्षा पाण्यात मुरवलेलाच बांबू बरा.

कापताना काठी हातात फिरवत पेन्सिलनं पूर्ण गोल खूण करा, खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि बारीक दातांच्या हॅकसॉनं कापा. पट्टी असली की तंतू सुटत नाहीत. एक-दोन मिलिमीटर लांब ठेवून नंतर पॉलिश पेपरनं घासून मापात आणा. मोठ्या काठ्यांत दोन मिलिमीटरचा फरक कोणाला कळत नाही, पण डिसेंबरच्या सतरात कळतो.

मजा येते ती कोरड्या महिन्यांत. आमच्याकडच्या मेस्तानं, म्हणजे सुतारानं, मार्चची खूण पाहिली आणि करवत खाली ठेवली. ‘बाई, एक मिलिमीटर कसा कापू? तेवढं तर करवतच खाते.’ त्याचं म्हणणं खरं होतं. मार्चसाठी काठी कापायची नाही. टोपल्या विणायला बांबूची जी पातळ पट्टी काढतात ती साधारण मिलिमीटरभर जाडीची असते. तिचा तुकडा जमिनीवर आडवा ठेवला की मार्च झाला. फेब्रुवारीचा ०.१ मिलिमीटर म्हणजे झेरॉक्सचा एक कागद. जानेवारी म्हणजे दोन कागद. जुलैच्या कंबरभर काठीपासून थोड्या अंतरावर जमिनीवर पडलेला तो एक कागद पाहून लोक वाकतात, उचलतात, चिमटीत धरून पाहतात. या सगळ्या रचनेत सर्वांत जास्त हाताळला जातो तो फेब्रुवारी. म्हणून कागद जास्तीचे कापून ठेवा.

कागदसुद्धा परवडत नाही अशा ठिकाणी निदान रिकामी जागा आणि महिन्याचं नाव ठेवा. शून्यालाही जागा लागते. बारा महिन्यांतले तीन महिने गाळून नऊच काठ्या लावल्या तर वर्ष नऊ महिन्यांचं होतं.

उभारणी

पहिला विचार येतो तो माटोळीचा. चतुर्थीला देवासमोर फळं-पानं टांगतो तशा काठ्या वरून टांगाव्यात, पाऊसही वरूनच पडतो. दिसायला सुंदर. तरीही मी नको म्हणेन. वर टांगलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही, माटोळीला तर लावायचाच नसतो. आणि खालची टोकं वेगवेगळ्या उंचीवर आली की आपल्या अंगाशी ताडून पाहता येत नाही. काठ्या जमिनीवरच उभ्या करा.

पाटावर भोकं पाडून त्यांत काठ्या रोवणं हा दुसरा मोह. त्यात दोन घोळ होतात. भोकात गेलेली लांबी कमी होते, आणि पाटाची जाडी उंचीत मिसळते. त्यापेक्षा भिंतीला दोन आडव्या लाकडी पट्ट्या लावा, एक जमिनीपासून वीतभर वर, दुसरी दोन फुटांवर, आणि त्यांना पितळी हुक मारून काठ्या त्यांत अडकवा. काठीचं बूड थेट फरशीवर टेकलेलं हवं. हुकातून काठी सहज निघाली पाहिजे, कारण माणसाला ती हातात घेऊन स्वतःच्या पायाशी उभी करायची असते. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी लावायची असेल तर मग टीव्हीच लावा.

ऑक्टोबरचा आणि त्याहून लहान तुकडे लाथेनं उडतात, लहान मुलांच्या तोंडात जातात. त्यांना बारीक भोक पाडून तंगुसानं हुकाला बांधा. तंगूस म्हणजे गळाची दोरी, कुठल्याही मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते, दमट हवेत कुजत नाही.

गोव्यातल्या हवेचा विचार एरवीही करावाच लागतो. पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी येते, साधी एमडीएफची फळी पाव फुगतो तशी फुगते, लोखंडी खिळ्याचा गंज लाकडात उतरतो. फळी लागलीच तर मरीन प्लाय किंवा फणसाचं लाकूड घ्या, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. काठ्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला तर पुरतो. काजूच्या टरफलाचं तेल लाकूड टिकवायला नावाजलेलं आहे, होड्यांना लावतात, पण हातात घ्यायच्या वस्तूला ते अजिबात लावू नका. कातडीला फोड येतात.

चालू वर्ष मण्यात

सरासरीच्या काठ्या उभ्या राहिल्या की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आणि यंदा?’ त्याची सोय आधीच करा. प्रत्येक काठीच्या मागे भिंतीवर जमिनीपासून दोन मीटरपर्यंत तंगूस ताणून बांधा आणि त्यात एक घट्ट बसणारा रंगीत मणी ओवा. महिना संपला की मणी त्या महिन्याच्या पावसाच्या उंचीवर सरकवायचा. मणी काठीच्या वर गेला तर सरासरीपेक्षा जास्त, काठीआड राहिला तर कमी. दोन मीटर अशासाठी की एखादा जुलै सरासरीला बराच मागे टाकतो.

यंदाचा आकडा हवामान खात्याकडून मिळतो, पण शाळेत स्वतः मोजण्याची गंमत वेगळी. सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. डबा वर रुंद खाली अरुंद असेल तर नाही. भांडं घरापासून, माडापासून दूर, अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. पागोळ्या पडल्या की हिशेब गेला. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते, तुम्हीही तीच वेळ पाळा, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्याशी ताडता येईल. पट्टी बुडवून खोली वाचायची, वहीत लिहायची, भांडं ओतून टाकायचं. रविवारीसुद्धा. सुट्टीतल्या नोंदीची जबाबदारी कोणाची हे जूनच्या आधी ठरलं नाही तर चतुर्थीच्या आठवड्यात वही कोरी राहते.

भिंत मिळत नसेल, टेबलावरच मांडायचं असेल तर करवंटीच्या चकत्या तंगुसात ओवून माळा करता येतात. एक चकती म्हणजे २५ मिलिमीटर. जुलैला ४० चकत्या, जूनला ३५, ऑगस्टला २१, सप्टेंबरला १०, ऑक्टोबर आणि मे प्रत्येकी ५, नोव्हेंबर-डिसेंबरला एकेक. बेरीज ११८ येते. पण वर्षाच्या २९२६ ला २५ नं भागलं तर ११७ च येतात. एक चकती पूर्णांकात आणताना जन्मली. हिशेबी माणूस ती पकडतोच, म्हणून पाटीवर आधीच लिहून टाका. एप्रिलचे १२ मिलिमीटरही इथे अर्ध्या चकतीच्या आत असल्यामुळे गायब होतात. खऱ्या मापाच्या काठ्यांना हा त्रास नाही, म्हणूनच जागा असेल तर मी काठ्यांच्याच बाजूनं.

माणसं वजनात

दुसरी वस्तू थोडी अवघड. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. एक हजार माणसं म्हणजे ५ ग्रॅम धरलं तर तालुक्यांची वजनं अशी होतात: सासष्टी १४७२ ग्रॅम, बार्देश ११८७, तिसवाडी ८८६, फोंडा ८२९, मुरगाव ७७३, डिचोली ४९०, केपे ४०६, पेडणे ३७९, सांगे ३२६, सत्तरी ३१९, काणकोण २२६. धारबांदोडा तालुका त्या जनगणनेत वेगळा मोजलेला नव्हता, सांग्याच्या आकड्यातच त्याचा बहुतेक भाग आहे. हे सांगितलं नाही तर धारबांदोड्याचा माणूस आपला डबा शोधत बसतो.

अकरा डबे घ्या, सगळे एक लिटरचे, एकाच आकाराचे, अपारदर्शक. एकाच आकाराचे यासाठी की वजन सारखं असताना लहान वस्तू हाताला जास्त जड वाटते. हा भ्रम फ्रान्सच्या ऑगस्टिन शार्पांतिएनं १८९१ मध्येच नोंदवला होता. लहानमोठे डबे घेतले की आकडा एकीकडे आणि हात दुसरीकडे. वर दिलेल्या वजनात रिकाम्या डब्याचं वजनही धरायचं. डबा ८० ग्रॅमचा असेल तर काणकोणच्या डब्यात फक्त १४६ ग्रॅम भरायचे.

आत कोरडी वाळू. नदीची, बांधकामावरून मागून आणलेली, तव्यावर भाजून घेतलेली. समुद्राची वाळू नको: किनाऱ्यावरून वाळू उचलायला बंदी आहेच, शिवाय तिच्यातलं मीठ ओल धरतं, पावसाळ्यात वजन बदलतं आणि पत्र्याचा डबा आतून गंजतो. तांदूळ भरले तर दोन महिन्यांत टोके. हलक्या डब्यांत वाळू तळाशी बसून खुळखुळते, म्हणून ती भाताच्या तुसात नीट कालवून डबा गच्च भरा, झाकण सील करा. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक डबा पुन्हा तोला.

डबे ठेवायला जमिनीवर गोव्याचा नकाशा रंगवा. इथे खरी गोष्ट उलगडते. सांगे क्षेत्रफळानं सर्वांत मोठा तालुका, त्याच्यावरचा डबा मुलगी एका हातानं उचलते. मुरगाव सर्वांत लहान, जेमतेम डबा मावेल एवढी जागा, आणि तिथला डबा सांग्याच्या दुपटीहून जड. नकाशात जागा आहे, हातात माणसं आहेत, आणि दोन्ही जुळत नाहीत हे मनगटाला कळतं.

मात्र सांगे आणि सत्तरी यांतला ७ ग्रॅमचा फरक कोणाच्याही हाताला लागणार नाही. त्यासाठी प्रत्येक डब्याच्या तळाला आकडा लिहा. उचलल्याशिवाय दिसू नये, उचलल्यावर मात्र दिसावा.

गाठींची दोरी, आजपासून

एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी. सुतळी घ्या, दाराच्या खुंटीला बांधा. पावसाळ्यात रोज वीज जितक्या वेळा जाईल तितक्या गाठी मारा, दिवस संपला की बोटभर जागा सोडून पुढचा दिवस. ज्या दिवशी वीज गेली नाही तो दिवस म्हणजे मोकळी दोरी. आठवडा संपला की रंगीत धागा बांधा. अर्ध्या तासाहून जास्त गेली तर दुहेरी गाठ, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा आणि पुढे बदलू नका. मध्येच नियम बदलला की आधीची दोरी वाचता येत नाही. सप्टेंबरमध्ये ती डोळे मिटून बोटांतून सरकवून पाहा. दाट आठवडे कुठले ते बोटांनाच लागतं.

लोकांपुढे ठेवण्याआधी

ज्यानं कामात हात लावलेला नाही अशा माणसाला बोलवा. पाटी झाका. काही न सांगता विचारा, ‘हे काय असेल?’ आणि गप्प बसा. गप्प बसणं सर्वांत अवघड. तो ‘बांबूची जाडी वेगळी का?’ असं विचारत असेल तर जाडी सारखी करा. ‘रंग वेगळा का?’ म्हणत असेल तर रंग पुसा. नुसता शोभेसाठी दिलेला रंगही लोक माहिती म्हणून वाचतात. मग पाटी दाखवा आणि दोन प्रश्न विचारा: ऑगस्टचा पाऊस जुलैच्या किती? उत्तर ‘निम्मा’ यायला हवं. वर्षातला बहुतेक पाऊस किती महिन्यांत पडतो? ‘चार’ यायला हवं. नाही आलं तर दोष त्या माणसाचा नाही.

यान्सेन, ड्रॅगिसेव्हिक आणि जाँ-दानिएल फेकेत यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत खरेखुरे त्रिमितीय स्तंभ पडद्यावरच्या त्रिमितीय स्तंभांपेक्षा चांगले वाचले गेले, आणि त्यात स्पर्शाचा वाटा मोठा होता. यावरून पडदा वाईट असा अर्थ काढू नका. वीस वर्षांचा रोजचा पाऊस बांबूत मांडता येत नाही. त्याला संगणकच हवा. वस्तू एकच प्रश्न घट्ट धरते, तेवढ्यासाठीच ती वापरावी.

पाटीवर पाच गोष्टी लिहा: आकडा कशाचा, कुठला, कुठल्या वर्षांचा, कोणाकडून घेतला, आणि माप काय. अक्षर मोठं, मराठी आणि कोकणी दोन्हीत, डोळ्याच्या उंचीवर. दृष्टिहीन वाचक येत असतील तर प्रत्येक हुकाशी महिन्याचं नाव ब्रेलमध्ये लावा. काठ्या त्यांना तुमच्याआमच्याइतक्याच वाचता येतात.

प्रदर्शन संपल्यावर काठ्या जमिनीवर आडव्या टाकू नका, वाळवी तिथूनच शिरते. महिन्याची नावं बुडाला कोरून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी जून कुठला आणि जुलै कुठला यावर मोजपट्टी काढावी लागणार नाही. कापडात गुंडाळून माळ्यावर किंवा कपाटाच्या वर, भिंतीपासून थोडं सुटं ठेवा, आणि मेमध्ये एकदा उन्हं उतरल्यावर बाहेर काढून पिठासारखी पूड पडलीय का ते पाहा. पडली असेल तर आत भुंगेरा आहे. ती काठी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि तिच्या मापाची नवी कापून घ्या.